आयरिश बालनामे

आयरिश बालनामे : आयर्लंडमध्ये नवजात मुलांना ठेवली जाणारी नावे, त्यांचे अर्थ आणि पिढीगणिक बदलत आलेली त्यांची आवड. आयर्लंडचे केंद्रीय सांख्यिकी कार्यालय दरवर्षी जन्मनोंदींवरून नावांची यादी प्रसिद्ध करते आणि १९६४ पासूनची आकडेवारी त्यात पाहायला मिळते. त्या पहिल्या वर्षी मुलांत जॉन आणि मुलींत मेरी सर्वांत पुढे होते. पुढे २००७ पासून २०२३ पर्यंत, २०१६ मध्ये जेम्सने मिळवलेली एक बाजी वगळता, जॅक हेच मुलांचे पहिले नाव राहिले. मुलींमध्ये एमिली आणि ग्रेस ही इंग्रजी वळणाची नावे आलटून पालटून वर येत असताना २०२१ मध्ये ‘फीआ’ हे शुद्ध आयरिश नाव पहिल्यांदा अग्रस्थानी गेले. फीआ म्हणजे हरीण. रानटी, मोकळे असाही त्या शब्दाचा जुना अर्थ आहे. सध्याच्या प्रमाण लेखनात हरणाचा शब्द लहान झाला असला, तरी आईबाप मुलीचे नाव मुद्दाम जुन्या पद्धतीने, शेवटी दोन मूक अक्षरे ठेवून लिहितात.

जॉन मागे पडून जॅक आला हा बदल दिसतो तेवढा मोठा नाही, कारण जॅक हे जॉनचेच लाडके रूप आहे. या एका नावाने आयर्लंडमध्ये जितकी घरे केली तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या नावाने केली असतील. ख्रिस्ती धर्म आला तेव्हा लॅटिन योहानेसपासून ओइन हे नाव झाले. ११६९ नंतर नॉर्मन सरदार आले, त्यांच्या फ्रेंच बोलीतल्या त्याच नावाचे आयरिश जिभेवर शॉन झाले, स्त्रीरूपाचे शिवॉन झाले आणि त्या स्त्रीरूपाच्या लाडक्या रूपाचे शिनेड. पुढे इंग्रजी राजवटीबरोबर जॉन आणि जॅक आले. सगळ्यांचा मूळ हिब्रू अर्थ एकच, ‘देव कृपाळू आहे’. शाळेच्या एकाच वर्गात ओइन, शॉन आणि जॅक शेजारी बसले असतील, तर देशाच्या इतिहासाचे तीन थर त्या बाकावर बसलेले असतात.

ख्रिस्ती नावे स्वीकारतानाही जुन्या गेल, म्हणजे मूळच्या आयरिश भाषक, समाजाने एक संकोच पाळला होता. येशूच्या आईचे नाव म्विरा. ते माणसाच्या मुलीला ठेवणे अनुचित वाटे, म्हणून सामान्य मुलींसाठी मॉरा हे वेगळे रूप वापरात आले आणि म्विरा आजही फक्त तिच्यासाठीच राखलेले आहे. संतांची नावेही बराच काळ थेट ठेवत नसत. ‘पॅट्रिकचा सेवक’, ‘येशूचा भक्त’ अशा अर्थाची जोडनावे करत. ज्यांच्याकडे रामदास हे नाव आहे त्यांना ही रीत समजावून सांगावी लागत नाही. मलोन या आडनावात संत जॉनचा असाच एक भक्त दडलेला आहे.

नावे गमावण्याचा काळ मात्र दीर्घ आणि दुःखद आहे. १३६६ च्या किल्केनीच्या कायद्यांनी आयर्लंडमधल्या इंग्रजांना आयरिश पद्धतीची नावे घ्यायला मनाई केली. १४६५ च्या कायद्याने डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अमलाखालील भागात राहणाऱ्या आयरिश लोकांना गावावरून, रंगावरून, धंद्यावरून किंवा हुद्द्यावरून इंग्रजी आडनाव घेण्याचा हुकूम केला. पण कायद्यांपेक्षा जास्त काम रोजच्या कागदांनी केले. चर्चच्या वह्या लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत लिहिल्या जात, जमिनीचे दस्त इंग्रजीत होत आणि १८३१ पासून सुरू झालेल्या सरकारी शाळांचे माध्यमही इंग्रजीच होते. घरी डिअरमिड म्हणून हाक मारलेला मुलगा हजेरीत जेरेमाया होई. टाइगचा टिमोथी, डनखाचा डेनिस, कॉनरचा कॉर्नेलियस, सोरखाची सारा आणि ग्रॉन्याची ग्रेस झाली. या जोड्यांत अर्थाचा संबंध बहुधा नसतोच. कानाला थोडे जवळचे वाटले की पुरे. सोरखा म्हणजे उजेड आणि सारा म्हणजे राजकन्या. अपवाद म्हणून गबनित या नावाकडे पाहावे. कॉर्क परगण्यातली ही संत मधमाश्यांची राखणदार मानली जाते आणि तिचे नाव इंग्रजीत कधी कधी डेबोरा असे केले जाई. हिब्रूत डेबोराचा अर्थच मधमाशी आहे. हे रूपांतर करणाऱ्याला दोन्ही परंपरांची जाण असली पाहिजे.

१८४५ ते १८५२ च्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देशाबाहेर गेली आणि सर्वाधिक हानी आयरिश बोलणाऱ्या पश्चिम भागाची झाली. भाषा बोलणारी घरेच ओस पडली. उरलेल्या घरांतून नाव ठेवण्याची ठरलेली रीत चालू राहिली : पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, पहिल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे. आजोबांची नावे एकदा इंग्रजी झाली की नातवंडांची आपोआप इंग्रजीच झाली. जॉन, मेरी, मायकेल, पॅट्रिक, ब्रिजेट यांची गर्दी अशी वाढली. एकाच गावात इतके शॉन असत की ओळख पटवायला ‘पीटरच्या मिकीचा शॉन’ असे बापाचे आणि आजोबाचे नाव जोडून सांगावे लागे. पश्चिमेकडच्या आयरिश भाषिक गावांत ही पद्धत अजून चालते. ब्रिजेटची गोष्ट आणखी वेगळी. हे मोठ्या संत स्त्रीचे, त्याआधी देवीचे नाव. अमेरिकेत घरकामाला गेलेल्या आयरिश मुलींना सरसकट हेच नाव हाक म्हणून वापरले गेले, ते हिणवण्याचे नाव झाले आणि मागे पडले. आयर्लंडने २०२३ पासून तिच्या नावाची सार्वजनिक सुट्टी फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुरू केली आहे.

नावे परत आणण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोर धरू लागले. १८९२ मध्ये आयरिश भाषेचे अभ्यासक डग्लस हाइड यांनी आयर्लंडचे इंग्रजीकरण उलटवण्याची गरज सांगणारे व्याख्यान दिले आणि त्यात आपल्या नावांची लाज बाळगणाऱ्या देशबांधवांबद्दल कळकळीने बोलले. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, आयरिश भाषा जगवण्यासाठी गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात सीरशा हे नाव जन्माला आले. ‘स्वातंत्र्य’ हा साधा भाववाचक शब्द, जुन्या काळी कोणाच्या मुलीचे असे नाव नव्हते. ते १९२० च्या दशकापासून मुलींना मिळू लागले. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आसपास जन्मलेल्या मुलींना भारती, विजया म्हणून हाका मारल्या गेल्या, त्याच भावनेचा हा आयरिश उच्चार आहे. टाइग या नावाचे पुनरागमन मला सर्वांत मोलाचे वाटते. त्याचा अर्थ कवी. पण इंग्रजांच्या तोंडी तो शब्द कुठल्याही आयरिश कॅथलिकासाठी शिवी म्हणून रुळला होता. आज टाइग हे आयर्लंडमधल्या आवडत्या मुलांच्या नावांपैकी एक आहे.

विसाव्या शतकात आवडीच्या लाटा स्पष्ट दिसतात. डिअर्ड्रा, फिनुला, शिवॉन, शिनेड, ऑर्ला ही नावे आता प्रामुख्याने आयांची किंवा आज्यांची झाली आहेत. शतक सरताना ईफा, कीरा, नीव आणि कीवा आल्या. नीव म्हणजे तेज, कीवा म्हणजे हळुवार, लाडकी. गेल्या दशकभरात फीआ, एवा, साइव, रीअन, ओशीन, किलिअन यांचा काळ आहे. या नव्या लाटेतली नावे आखूड आहेत, स्वरांनी भरलेली आहेत, आणि परदेशातल्या नावांच्या अगदी शेजारी बसतात. आयरिश एवा ऐकायला इंग्रजी आव्हाच्या जवळ आहे, रीअन रायनच्या जवळ. ज्या देशातली मुले पिढ्यान्पिढ्या पोटासाठी बाहेर जात आली, तिथल्या आईबापांना घरचे असूनही बाहेर अडखळायला न लावणारे नाव हवेसे वाटावे, हे स्वाभाविक आहे.

आजच्या यादीतल्या बऱ्याच नावांचे कूळ एका कथेत सापडते. किल्डेअरच्या टेकडीवर राहणारा वीर फिन मॅक कूल शिकारीला गेला असता त्याच्या दोन्ही कुत्र्यांनी एका हरिणीला धरले नाही, उलट तिच्याशी खेळू लागले. ती त्याच्या गढीत आली आणि रात्री स्त्री झाली. तिचे नाव साइव. एका काळ्या मांत्रिकाने तिला हरिणी केले होते. फिन लढाईला गेला तेव्हा मांत्रिकाने तिला पुन्हा पळवले. सात वर्षांनी स्लायगोच्या बेन बुलबेन डोंगरावर कुत्र्यांना एक नागडा मुलगा सापडला. त्याला हरिणीने वाढवले होते. फिनने त्याचे नाव ठेवले ओशीन, म्हणजे पाडस. तोच पुढे नीव नावाच्या सोनेरी केसांच्या राजकन्येबरोबर घोड्यावर बसून चिरतारुण्याच्या देशात गेला आणि परत आला तेव्हा इकडे तीनशे वर्षे उलटली होती. ओशीनच्या मुलाचे नाव ऑस्कर, ‘हरणांचा मित्र’. अठराव्या शतकात या कथांच्या एका स्कॉटिश रूपाने युरोपाला वेड लावले, नेपोलियनने आपल्या धर्मपुत्राचे नाव ऑस्कर सुचवले आणि तो मुलगा स्वीडनचा राजा झाला. साइव, ओशीन, ऑस्कर आणि आता फीआ अशी हरणाच्या कुळातली नावे एकाच शाळेत ऐकू येऊ शकतात. तिथल्या पालकांना दर वेळी ही कथा आठवत असेलच असे नाही, पण मुलाने कधी ना कधी आपल्या नावाचा अर्थ विचारला की ती सांगावीच लागते.

अर्थांबाबत सावधपणा हवा. नावांच्या लोकप्रिय याद्यांत प्रत्येकापुढे एक ठाम अर्थ छापलेला असतो, प्रत्यक्षात किलिअनसारख्या नावाचे मूळ चर्च या शब्दात आहे की कलह या शब्दात, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. काही मुळे मात्र पक्की आहेत आणि मराठी वाचकाला ती ओळखीची वाटतील, कारण आयरिश आणि संस्कृत या एकाच प्राचीन भाषाकुळातल्या आहेत. पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनॉट प्रांताची महाकाव्यातली राणी मेव, तिच्या नावाचा अर्थ ‘धुंद करणारी’, आणि त्याचे मूळ तेच जे आपल्या मधाचे आहे, मधु. रीअन म्हणजे छोटा राजा. त्यातला ‘री’ हा शब्द आणि आपला राजा एकाच धातूचे. डारा हे ओक वृक्षावरून आलेले नाव आपल्या देवदारातल्या ‘दारू’चे, म्हणजे लाकडाचे, नातेवाईक आहे. एडन म्हणजे छोटी ज्वाला, मूळ शब्द ‘एड’ म्हणजे अग्नी, आणि त्याच मुळापासून आपल्याकडे इंधन आले. कॉनर या नावातला शिकारी कुत्रा आपल्या श्वानाचा भाऊबंद आहे. नदीवरून नाव ठेवण्याची पद्धत मात्र तिथे तुरळक. वॉटरफर्डच्या एका सरदाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलीला क्लोडा या नदीचे नाव दिले आणि ते रूढ झाले. गोदावरी, कृष्णा, कावेरी म्हणणाऱ्यांना इतका उशीर का लागला असे वाटेल.

लिहिलेले आणि बोललेले यांतली दरी हा या नावांचा सर्वांत चर्चेचा विषय. साइव हे नाव एस, ए, डी, एच, बी, एच अशा सहा अक्षरांत लिहितात. परक्याला हे अनाकलनीय वाटते, पण नियम काटेकोर आहेत. व्यंजनापुढे एच आला की ते मृदू होते, बी आणि एम यांचा बहुधा ‘व’ होतो, डी बरेचदा विरून जातो. स्वरावरच्या तिरप्या रेघेला फादा, म्हणजे ‘लांब’, म्हणतात आणि ती आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारखीच अर्थ पालटते. फादा असलेला शॉन हे नाव आहे, ती रेघ गळाली तर तोच शब्द ‘म्हातारा’ होतो, जसा दिनाचा दीन. संगणकांनी ही रेघ वर्षानुवर्षे गाळली. २०२१ च्या अधिकृत भाषा सुधारणा कायद्याने आयरिश नावे फादासकट नोंदवण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थांवर आली. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८.७ लाख लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले, पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे सुमारे ७२ हजारच निघाले. अनेक घरांत दिवसभरात उच्चारला जाणारा एकमेव आयरिश शब्द मुलाचे नाव हाच असतो, म्हणून त्यावरच्या एका रेघेसाठी लोक इतक्या चिकाटीने भांडले.

उत्तर आयर्लंडची यादी वेगळी निघते. तिथे आपल्याकडे आडनाव जे सांगते ते पहिले नाव सांगते : कीवा आणि शेमस ऐकले की कॅथलिक समाज, विल्यम ऐकले की प्रॉटेस्टंट. परदेशात गेलेल्या आयरिश वंशजांनी स्वतःची नावेही घडवली. कॉलीन म्हणजे नुसती ‘मुलगी’. अमेरिकेत ते नाव खूप चालले, आयर्लंडमध्ये फारसे नाही. उलट दिशेचा प्रवासही आहे. २०१७ मध्ये पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांच्या वडिलांचे घराणे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे.

आयरिशमध्ये हाक मारताना नाव बदलते, जसे आपण रामला ‘रामा’ म्हणतो. फरक इतकाच की तिथे सुरुवातही बदलते. दारात उभी राहून आई मॉराला बोलावते तेव्हा ‘अ वॉरा’ म्हणते, शेमसला बोलावताना ‘अ हेमिश’. हीच रीत स्कॉटलंडच्या गेलिकमध्येही आहे. तिथे ही हाक कानावर पडलेल्या इंग्रजी भाषिकांनी तेच नाव समजून घेतले, आणि हेमिश हे स्वतंत्र नाव म्हणून रूढ झाले.