दुधाचे सगळे दात पडेपर्यंत थांबायचं?

‘दात वाकडे असले तरी दुधाचे सगळे पडेपर्यंत दाखवू नका,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तारा बहुधा बाराव्या वर्षाच्या आसपास लागतात, म्हणून तो पटतोही. पण पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत हवी. घरी बघा: मुलाला मागच्या दाढा मिटायला सांगून गाल बाजूला करा. वरचे दात सगळीकडे खालच्यांच्या किंचित बाहेर हवेत. एका बाजूला उलटं दिसलं किंवा मिटताना हनुवटी सरकली, तर थांबू नका. जबडा वाढतोय तोवर टाळूला बसवायच्या प्लेटने हे सुधारणं सोपं असतं. पुढच्या दोन दातांतली छोटी फट मात्र कायमचे सुळे आल्यावर अनेकदा आपोआप मिटते. सरकारी दंत रुग्णालयात केसपेपर लवकर काढा. तारांचा एकेक उपचार दीड-दोन वर्षं चालतो, रांग सावकाश सरकते.