शून्य कुणाचं? स्क्रिप्टमधल्या एक्झिट कोडची पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर मी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, रोज रात्री चालायची. डेटाबेसचा डंप (सगळ्या नोंदींची प्रत) काढायचा, पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रामचा माल थेट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीतून, फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला द्यायचा, फाइल पेनड्राइव्हवर ठेवायची आणि एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना काम झालं की नाही हे सांगणारा आकडा, शून्य आला की जुनी प्रत पुसायची. ऐन हंगामात एका रात्री लाईट जाऊन आली. कॉम्प्युटर सुरू झाला, डेटाबेस मात्र झाला नाही, आणि स्क्रिप्ट तशीच चालली. सकाळी दिवाणजींनी तो हाताने सुरू केला आणि दुपारी हार्ड डिस्कच गेली. "भाऊ, पावत्या काहून दिसत नाई?" पेनड्राइव्ह उघडली, तर फाइल 20 बाइटची. रिकामा माल दाबला की जीझिप एवढीच फाइल देतो. कार्बन प्रतींवरून एकेक काटापावती पुन्हा भरावी लागली.

कोड मी तपासला होता. पण ते शून्य जीझिपचं होतं, डंपचं नव्हतं.

याचं मूळ 1969 च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे. पीडीपी-7 या कॉम्प्युटरवरच्या पहिल्या रूपात शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, दुसरा प्रोग्राम स्वतःच्याच जागेवर आणून बसवायचा. तो संपला की सिस्टिम शेलची नवी प्रत आणायची. म्हणजे निकाल ऐकायला आधीचा शेल उरतच नसे. मग बर्कली विद्यापीठातल्या सिस्टिमवरून घेतलेला 'फोर्क' आला, म्हणजे चालू प्रोग्रामची (प्रक्रियेची) दुसरी प्रत काढणं. युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक डेनिस रिची यांनी नोंदवलंय की त्याला असेंब्ली या यंत्राजवळच्या भाषेतल्या नेमक्या 27 ओळी लागल्या. आता आई-प्रक्रिया जिवंत राहते, मूल काम करून 'एक्झिट' करतं आणि आई 'वेट' करून त्याचा आकडा घेते. आईने तो घेतला नाही, तर मेलेल्या मुलाची नोंद झोंबी म्हणून तशीच पडून राहते. ही मांडणी मला फार आवडते. आकडा ठेवणं मुलाचं काम, विचारणं आईचं.

1979 च्या बॉर्न शेल या युनिक्सच्या शेलमध्ये तो आकडा डॉलर-प्रश्नचिन्हात ($?) मिळतो. शून्य म्हणजे काम झालं, कारण यश एकाच तऱ्हेचं असतं आणि बिघाड अनेक तऱ्हांचे. 127 म्हणजे कमांड सापडली नाही. 137 म्हणजे 128 अधिक 9 नंबरचा सिग्नल (सिस्टिमचा इशारा), बाहेरून सक्तीने मारली.

पाइप 1973 मध्ये आला, युनिक्सच्याच गटातल्या डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने. ओळीत तीन प्रोग्राम असले तरी शेलला आकडा एकच सांगायचा असतो, आणि तो शेवटच्याचा धरला गेला. त्याला कारण आहे. फक्त सुरुवातीच्या ओळी दाखवणाऱ्या 'हेड'ने दहा ओळी घेऊन पाइप बंद केला की मागचा प्रोग्राम लिहिता लिहिता सिग्नलने मरतो, 141 देऊन. तो बिघाड नव्हे. म्हणूनच बॅश या शेलच्या 3.0 आवृत्तीत, 2004 साली, ओळीतला कुठलाही प्रोग्राम फसला तर ते सांगणारं 'पाइपफेल' आलं तरी ते आपोआप लागू होत नाही. आपल्या हाताने लावावं लागतं. काट्यावरच्या स्क्रिप्टमध्ये आता ते दुसऱ्याच ओळीत आहे, आणि जुनी प्रत पुसण्याआधी नव्या फाइलचा आकारही बघितला जातो.