पद्मिनीचा पार्ट मिळतो, ‘डुक्कर’चा का मिळत नाही?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या स्पेअरच्या गाळ्यांत ‘डुक्कर फियाट’ची पुढची जाळी मागितली, की गाळेवाला आधी हसतो, मग विचारतो, “पद्मिनीची चालेल?” नाही चालत. खरं तर दोन्ही गाड्या इथूनच हाकेच्या अंतरावरच्या कारखान्यातल्या.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याला आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकी गाड्यांची जुळणी होई, पुढे फियाट आली. १९५३ मध्ये सरकारने धोरण बदललं: नुसती जुळणी नको, गाडी इथे बनवा. शिवडीत नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली. आयातीची दारं जवळपास बंद झाल्यामुळे एकेक पार्ट इथेच घडवावा लागला.

१९५४ ची फियाट ११०० गोलमटोल, नाकाशी फुगीर, म्हणून लोकांनी तिला ‘डुक्कर’ केलं. तिची पुढची दारं उलटी उघडतात, बिजागऱ्या मागच्या बाजूला. १९६४ मध्ये चौकोनी चेहऱ्याची डिलाइट आली आणि तीच १९७४ पासून पद्मिनी म्हणून विकली गेली. इंजिन दोघींचं १०८९ सीसीचंच, त्यामुळे बॉनेटखालचं पुष्कळ काही जुळवून घेता येतं. पत्रा मात्र पूर्ण वेगळा.

त्यातही पद्मिनीमागे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी उभी होती. दिवसरात्र पळणाऱ्या गाडीला क्लच प्लेट, ब्रेक शू, पुढची चाकं ज्यावर वळतात ते किंगपिन सतत लागायचे, म्हणून छोटे कारखानदार ते बनवत राहिले. कंपनीने २००० च्या आसपास पद्मिनी बंद केल्यावरही हा माल येतच होता. पण टॅक्सीवाला क्रोमच्या पट्टीसाठी किंवा गाडीच्या नावाच्या मोनोग्रामसाठी पैसे कशाला घालवेल? पट्टी गेली तर गेली. त्यामुळे गाडी चालण्यापुरतं सगळं मिळतं, नटवण्याचं मिळत नाही. ‘डुक्कर’ला तर टॅक्सीचा एवढा दीर्घ आधारही लाभला नाही.

मग टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आली. एकामागून एक पद्मिनी भंगारात निघाल्या तेव्हा काही काळ बाजारात दरवाजे, डिक्की, डॅशबोर्ड यांचा सुकाळ झाला. शहाण्यांनी तेव्हाच माडीवर साठा करून ठेवला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली आणि तो ओघ आटला.

इटलीत मूळ फियाट ११०० चे शौकीन आहेत, दारं-काचांच्या कडेचं रबर बीडिंग तिकडून मागवता येतं. पण कस्टम ड्युटी धरून हिशेब केला की छातीत धस्स होतं. शिवाय तिकडचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे डॅशबोर्ड आपल्या कामाचा नाही.

माझ्या ‘डुक्कर’ची जाळी शेवटी एका डेंटरने (गाडीचा पत्रा ठोकणाऱ्या कारागिराने) पितळेच्या पट्ट्या ठोकून बनवली, वर क्रोम चढवून घेतलं. नमुना म्हणून त्याच्याकडे फक्त एक जुना फोटो होता, तोही तिरका काढलेला. डावीकडची तिसरी पट्टी किंचित खाली उतरलीय.