शहरी वनशास्त्र
शहरातली झाडं लावायची, जगवायची, आणि वेळ आली की काढायचीही कशी, याचा अभ्यास म्हणजे शहरी वनशास्त्र, बोलताना सगळे अर्बन फॉरेस्ट्रीच म्हणतात. नावात वन असलं तरी जंगल यात कमीच, रस्त्याकडेची झाडं, बागा, घरांची आवारं, ओढ्याकाठचं रान हे सगळं मिळून एकच वन धरायचं आणि त्याचा एकत्र हिशोब ठेवायचा.

हा शब्द 1965 च्या सुमारास टोरंटो विद्यापीठात एरिक यॉर्गेनसेन यांनी रुजवला. ते मुळात झाडांच्या रोगांचे अभ्यासक, आणि त्या काळात डच एल्म या बुरशीच्या रोगाने उत्तर अमेरिकेतल्या रस्त्यांवरचे एल्म वृक्ष धडाधड मरत होते. ही बुरशी भुंगेऱ्यांमार्फत पसरते, शिवाय शेजारशेजारच्या झाडांची मुळं जमिनीत एकजीव झालेली असली तर तिथूनही जाते, म्हणजे रस्ताभर एकाच जातीची ओळ लावली की एक गेलं की पुढचं लाइनीतच उभं. म्हणून 1990 मध्ये अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ फ्रँक सँटामोर यांनी 10-20-30 चा नियम सुचवला: शहरात एका जातीची झाडं 10 टक्क्यांहून, एका प्रजातीची (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) 20 हून आणि एका कुलातली (फॅमिली, म्हणजे अशा गटांचा मोठा गट) 30 हून जास्त नकोत. नियम ढोबळच आहे, पण नर्सरीत जे स्वस्त मिळेल ते लावण्यापेक्षा बरा.

छाटणीत सगळ्यात जास्त घोळ होतो. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, कापायचं ते त्या कड्याच्या लगेच बाहेरून, कडं कापायचं नाही आणि लांब खुंटही ठेवायचा नाही. जाड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट काप द्यायचा, नाहीतर ती पडताना खोडाची साल सोलून नेते. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड कुजका भाग आतल्या आत कोंडून टाकतं आणि वरून नवीन लाकूड चढवतं, त्यामुळे वर डांबर नाहीतर रंग फासून काही उपयोग नसतो.

मुळांचंही तेच, ती खूप खोल जातात असा समज आहे पण बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. केबलसाठी खोडाजवळून चर खणला की आधाराची मुळं तुटतात, झाड वर हिरवंच दिसतं, आणि काही वर्षांनी पडलं की नाव वादळाचं होतं.