विजापूर : प्रेक्षणीय स्थळे

विजापूर (अधिकृत नाव 2014 पासून विजयपूर) हे उत्तर कर्नाटकातील जिल्ह्याचे शहर आदिलशाहीची राजधानी होते. सोलापूरहून ते सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. 1490 च्या सुमारास यूसुफ आदिलखानाने येथे स्वतंत्र सत्ता स्थापली आणि 1686 मध्ये औरंगजेबाने ती संपवली. या दोन शतकांतल्या इमारती जुन्या तटाच्या आत आणि अवतीभवती विखुरल्या आहेत. त्यांतल्या सर्वांत देखण्या वास्तू कबरीच आहेत. आपली कबर जिवंतपणीच बांधायला घ्यायची आणि ती आधीच्यांपेक्षा वरचढ करायची, अशी इथल्या सुलतानांची रीतच पडून गेली होती.

गोल घुमट ही मुहम्मद आदिलशहाची (कारकीर्द 1627–1656) कबर. शाळेच्या सहली येतात त्या हिच्यासाठीच. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर आहे आणि आतल्या प्रचंड दालनात एकही खांब नाही. चौरस भिंतींवर गोल घुमट बसवण्यासाठी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी रचल्या आहेत. त्या वर जाताना आत झुकतात आणि त्यांच्या वजनामुळे घुमटाचा बाहेरचा रेटा आवरला जातो. कोपऱ्यांतल्या सात मजली अष्टकोनी मिनारांतल्या जिन्यांनी वर गेले की घुमटाच्या आतून फिरणारा सज्जा लागतो. एका बाजूला भिंतीशी हळू बोललेले पलीकडच्या बाजूला स्पष्ट ऐकू येते, टाळी अनेकदा घुमते. ऐकायचे तर सकाळी दार उघडताच जावे. दहानंतर तिथे फक्त आरोळ्यांचा कल्लोळ असतो. समोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय आहे.

आकाराने गोल घुमट मोठा असला तरी कलेच्या दृष्टीने शहरातली पहिली वास्तू इब्राहिम रौजा हीच म्हणावी लागेल. संगीताचा वेडा आणि ‘जगद्गुरू’ म्हणवला गेलेला दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द 1580–1627) आणि राणी ताज सुलताना यांच्या कबरी इथे आहेत. एकाच उंच चौथऱ्यावर कबर आणि मशीद समोरासमोर, मध्ये कारंज्याचा हौद. कबरीच्या खिडक्यांना जाळ्या आहेत, पण त्यांत वेलबुट्टीऐवजी अक्षरेच कोरून आरपार केली आहेत. आत उजेड येतो तो या अक्षरांमधून. आतल्या दालनाचे दगडी छत सपाट आहे आणि खालून पाहता त्याला कसलाच आधार दिसत नाही. मलिक संदल हा या वास्तूचा रचनाकार. ताज सुलतानाच्या नावाची ताज बावडी ही पायऱ्यांची विहीरही त्याचीच मानतात.

बारा कमान म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी कबर. 1672 मध्ये तो वारला, घुमट चढलाच नाही आणि काळ्या दगडाच्या उघड्या कमानींची रांग तेवढी राहिली.

तटाच्या पश्चिमेकडील शेरझा बुरुजावर मुलूखमैदान तोफ आहे. ती 1549 मध्ये अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून 1632 च्या सुमारास विजापूरकरांनी ती आणली. वजन सुमारे 55 टन. तोंड सिंहाच्या जबड्याचे असून दातांत हत्ती चिरडलेला दाखवला आहे. बत्ती देताच गोलंदाज कानठळ्या बसू नयेत म्हणून शेजारच्या पाण्यात बुडी मारत असे, ही कथा गाइड हमखास सांगतात. 1854 मध्ये ही तोफ लिलावात अवघ्या 150 रुपयांना गेली होती आणि तो सौदा मग रद्द झाला, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. जवळच्या उपली बुरुजावरून सारे शहर दिसते.

बालेकिल्ल्यात गगन महाल (1561) आहे. त्याची मधली कमान वीसेक मीटर रुंद असून छप्पर कधीच नाहीसे झाले आहे. शेवटचा सुलतान सिकंदर इथेच औरंगजेबापुढे हजर केला गेला असे सांगतात. जामा मशिदीचा सोनेरी, रंगीत मिहराब (मक्केच्या दिशेचा कोनाडा) पाहण्यासारखा आहे. असर महाल पैगंबरांच्या केसांच्या अवशेषासाठी पवित्र मानला जातो आणि स्त्रियांना आत प्रवेश नसतो, हे आधी माहीत असलेले बरे.

मराठी वाचकाला ओढून नेणारी एक जागा गावाबाहेर आहे : साठ कबर. एका चौथऱ्यावर एकसारख्या साठाहून अधिक कबरी ओळीने आहेत. शिवाजी महाराजांवर चालून जाण्याआधी आपण परतणार नाही असे भाकीत ऐकून अफजलखानाने बायकांना मारले, त्या याच, अशी लोककथा आहे; तिला समकालीन पुरावा नाही. खानाने स्वतःसाठी बांधलेली कबरही याच भागात आहे, पण ती रिकामी. 10 नोव्हेंबर 1659 ला तो मारला गेला आणि प्रतापगडाच्या पायथ्याशीच पुरला गेला. इथपर्यंतचा रस्ता अरुंद आहे, पाट्या फारशा नाहीत, आणि टांगेवाल्याला किंवा रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवले नाही तर ठरलेल्या फेरीत ही जागा येत नाही.