क्लास बी एआयएस: सीएस घ्यायचं की एसओ?

छोट्या बोटीसाठी एआयएस (आपली ओळख, जागा आणि वेग आसपासच्या जहाजांना रेडिओवरून आपोआप कळवणारं यंत्र) घ्यायला गेलं की दोन्ही खोक्यांवर ‘क्लास बी’च लिहिलेलं दिसतं. पण एक सीएस (कॅरियर सेन्स) असतं, दुसरं एसओ (सेल्फ-ऑर्गनाइज्ड). वाहिन्या त्याच, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्‌झ, दर मिनिटाला प्रत्येकीवर २,२५० स्लॉट, म्हणजे संदेश पाठवायचे छोटे वेळ-तुकडे. फरक आहे तो मोकळा स्लॉट शोधण्याच्या रीतीत.

सीएस म्हणजे स्पेक्ट्रम सेन्सिंगचं, म्हणजे बोलण्याआधी वाहिनी मोकळी आहे का ते ऐकण्याचं, अगदी साधं रूप. स्लॉट सुरू झाला की ०.८३३ ते १.९७९ मिलिसेकंद एवढाच वेळ ते कान लावतं. ऐकू आलेली रेडिओ ऊर्जा ठरलेल्या उंबरठ्याच्या वर गेली तर गप्प बसतं, नाहीतर त्याच स्लॉटमध्ये बोलतं. कोण बोलतंय ते ओळखायच्या भानगडीत पडत नाही. दहा जागा चाचपून एकही मोकळी मिळाली नाही, तर तो संदेश सोडून देतं.

घोळ होतो तो उंबरठ्यात. गेल्या ६० सेकंदांतली किमान पातळी हा गोंगाट मानून त्यात १० डेसिबल मिळवले जातात. उंबरठा -१०७ डीबीएमच्या (संकेताच्या ताकदीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका संकेत जोरदार) खाली उतरत नाही, वर -७७ पर्यंत चढतो. समजा गोंगाट -१२० आहे. उंबरठा -१०७ राहतो आणि -९५ ने येणारं लांबचं जहाज नीट कळतं. आता अँटेनाजवळच्या एलईडी दिव्याने रेडिओ गोंगाट सोडून पातळी -१०० वर नेली. उंबरठा -९०! तेच जहाज आता उंबरठ्याखाली गेलं, स्लॉट रिकामा वाटला आणि सीएस त्याच्या संदेशावरच बोललं. गोंगाट -७७ च्याही वर गेला तर सगळेच स्लॉट भरलेले भासतात आणि आपली बोट इतरांच्या पडद्यावरून नाहीशी होते.

एसओ इतरांचे संदेश वाचून स्लॉटचा नकाशा ठेवतं आणि आपला पुढचा स्लॉट आधीच जाहीर करतं, त्यामुळे बाकीचे तो टाळतात. ताकद ५ वॅट, सीएसची २. वीस नॉटने जाणारी बोट ३० सेकंदांत ३०० मीटरहून जास्त सरकते. सीएस तेवढ्या वेळात एकदाच जागा कळवतं, एसओ या वेगाला दर १५ सेकंदांनी. वेगवान बोटीला एसओच हवं.

दिव्याचा त्रास मात्र एसओलाही होतो, कारण संदेश वाचताच आले नाहीत तर नकाशा अपुरा राहतो. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याच दिव्यांबद्दल इशारा दिला होता. तपासणी सोपी आहे: सगळे दिवे बंद करून व्हीएचएफ सेट शांत वाहिनीवर लावा, खरखर जेमतेम थांबेल इतकाच स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) ठेवा, मग दिवे एकेक करून लावा. ज्या दिव्यासरशी खरखर परतेल, तो अँटेनापासून लांब हलवा किंवा बदला.