शब्दघटकांचे अध्यापन

नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांना शब्दातील अर्थपूर्ण भाग, म्हणजे मूळ शब्द, उपसर्ग आणि प्रत्यय, ओळखायला व जोडायला शिकवण्याची पद्धत. अर्थ असलेल्या सर्वांत लहान भागाला भाषाविज्ञानात रूपिम म्हणतात. रूपिम आणि अक्षर यांची गल्लत होऊ देऊ नये. ‘पाण्यात’ हा शब्द उच्चारताना ‘पा-ण्यात’ असा तुटतो; अर्थाने पाहिले तर त्यात ‘पाणी’ आणि ‘त’ आहेत.

मराठीत या पद्धतीची गरज विशेष आहे, कारण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच लिहितात. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा शब्द एकेक अक्षर लावत वाचणारे मूल ‘द्धा’पर्यंत पोहोचेतो सुरुवातीचे ‘घर’ विसरून जाते. फळ्यावर एकाखाली एक घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा असे लिहिले आणि दर ओळीला नवा तुकडा वेगळ्या रंगात दाखवला, की तोच शब्द आवाक्यात येतो.

खरी अडचण सामान्यरूपाची. घोडा, पण घोड्याला. भाऊ, पण भावाला. प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो आणि मुलाला तो कागदावर अनोळखी वाटतो. मात्र बोलताना तेच मूल ‘घोड्याला’ सहज म्हणते. अमेरिकी भाषावैज्ञानिक जीन बर्को यांनी 1958 मध्ये 4 ते 7 वर्षांच्या इंग्रजीभाषक मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ सांगितले. दोन असतील तर काय म्हणायचे, यावर बहुतेकांनी ‘वग्ज’ असे उत्तर दिले. कधीही न ऐकलेल्या शब्दाला मुलांनी नियम लावला होता. म्हणून विभक्तीचा तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा मुलाच्या तोंडचे शब्द घेऊन सुरुवात करणे केव्हाही चांगले. जे कानाला ठाऊक आहे, ते डोळ्यांना दाखवायचे असते.

शुद्धलेखनालाही याचा आधार मिळतो. ‘फूल’ आणि ‘फुलात’, ‘गरीब’ आणि ‘गरिबी’ शेजारी शेजारी मांडले, की प्रत्यय लागताना उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातील, दीर्घ ई किंवा ऊ ऱ्हस्व होतो हे मुले आपणच सांगतात. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांत तसे होत नाही: ‘गीत’चे ‘गीतात’च राहते. हा अपवाद थोडा नंतर आणावा.

अक्षर-ध्वनींची ओळख या पद्धतीने वगळता येत नाही. दोन्ही बरोबरीने चालतात. उपसर्गांपैकी ‘बिन’ आणि ‘गैर’ आधी घेणे सोयीचे, कारण ‘बिनचूक’, ‘गैरहजर’ यांतील जोड स्पष्ट दिसतो. ‘अ’ फसवा आहे. ‘अशक्य’मधून तो काढला की ‘शक्य’ उरते, ‘अजगर’मधून काढला तर काहीच हाती लागत नाही. त्यामुळे शब्द तोडल्यावर दोन गोष्टी विचारायची सवय लावावी: उरलेला भाग खरा शब्द आहे का, आणि त्याचा अर्थ जुळतो का? ‘नावडता’मध्ये मुलाला पहिल्यांदा ‘नाव’ दिसते. ‘डता’ म्हणजे काय, असे विचारले की ते थबकते, शब्द पुन्हा म्हणून पाहते, आणि मग त्याला ‘आवडता’ ऐकू येते.